गावकूस, गढी आणि पांढरी : आपल्या गावाची भिंत मुलांना कशी शिकवावी?



'अब्रू वेशीला टांगणे' हा वाक्प्रचार आपण भाषेच्या तासाला शिकवतो. मुलं अर्थ पाठ करतात, वाक्यात उपयोगही करतात. पण "वेस म्हणजे काय रे?" असं विचारलं की वर्ग गप्प होतो. एखादा म्हणतो, बसस्टँडजवळची कमान. 'गावकूस' हा शब्द तर बऱ्याच मुलांनी ऐकलेलाच नसतो. त्यात मुलांचा काय दोष? वेशीची दारं गेली, भिंत पडली, आणि उरलेल्या मातीच्या ढिगाऱ्यावर आता शेणाचे उकिरडे नाहीतर मोबाइलचा टॉवर उभा आहे.

इतिहास शिकवताना आपण देवगिरी, रायगड, लाल किल्ला सांगतो. ते सांगायलाच हवं. पण आपले पणजोबा-खापरपणजोबा काही किल्ल्यात राहत नव्हते. ते गावात राहत होते, शेती करत होते, आणि त्यांच्या गावालाही भिंत होती. राजे बदलले, ती भिंत मात्र पिढ्यान् पिढ्या तिथेच राहिली. म्हणून आजचा लेख गावाच्या भिंतीवर आहे. भिंतीला आपण तीन प्रश्न विचारणार आहोत : गावाला भीती कशाची होती? गावाला जपायचं काय होतं? आणि भिंतीच्या बाहेर कोण होतं?

काळी आणि पांढरी

जुन्या काळी गावाच्या जमिनीचे सरळ दोन भाग मानत. शेतीची ती 'काळी' आणि वस्तीची ती 'पांढरी'. काळी का, हे खान्देशातल्या मुलाला सांगावं लागत नाही. तापी, गिरणा, पांझरा, बोरी या नद्यांच्या खोऱ्यातली कापसाची जमीन त्याच्या पायाला चिकटलेलीच असते. घरी अहिराणी बोलणारं मूल तिला 'कायी' म्हणेल. वर्गात तो शब्द येऊ द्या.

पांढरी मात्र समजावून सांगावी लागते. एकाच जागी माणसं शेकडो वर्षं राहिली की तिथे चुलीची राख साचते, शेण-गोमूत्र मुरतं, मातीच्या भिंती पडतात आणि त्यांच्यावरच नव्या भिंती उभ्या राहतात. हळूहळू ती माती आजूबाजूच्या काळ्या रानापेक्षा वेगळी, राखाडी-पांढरट दिसू लागते आणि जागा उंच होत जाते. जुनं गाव नेहमी टेकाडावर दिसतं, त्याचं हे एक कारण. गावाने उंच जागा निवडली असेलही, पण बरीचशी उंची गावाने स्वतःच तयार केलेली असते.

जुन्या मराठी कागदांत 'पांढरी' हा शब्द नुसत्या जागेसाठी येत नाही, गावात राहणाऱ्या लोकांसाठीही येतो. माती आणि माणसं यांना एकच शब्द! अशा कागदांचा मोठा साठा आपल्या धुळ्यातच आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे १९२६ साली धुळ्यात वारले. त्यानंतर त्यांची दप्तरं सांभाळण्यासाठी इथे राजवाडे संशोधन मंडळ उभं राहिलं. सहल काढायची असेल तर ही जागा लक्षात ठेवा.

पांढरीच्या पोटात काय आहे?

पुरातत्त्व संशोधक नवीन जागा शोधताना आधी पांढरीचं टेकाड बघतात. आपल्या भागातली दोन ठळक उदाहरणं सांगतो.

पहिलं प्रकाशे. तापी आणि गोमाई नद्यांच्या संगमावरचं हे गाव आज नंदुरबार जिल्ह्यात आहे. १९९८ पर्यंत ते धुळे जिल्ह्यातच होतं. १९५४-५५ मध्ये बी. के. थापर यांनी इथल्या टेकाडाचं उत्खनन केलं. सगळ्यात खाली ताम्रपाषाण काळातल्या शेतकऱ्यांची वस्ती सापडली. म्हणजे दगडाची हत्यारं, थोडं तांबं आणि रंगवलेली मडकी वापरणारे लोक. त्याच्यावर लोखंड वापरणाऱ्यांचा थर, त्याच्यावर सातवाहन आणि त्यानंतरच्या काळाचा थर, आणि सगळ्यात वर मध्ययुगाचा.

दुसरं बहाळ. चाळीसगाव तालुक्यात गिरणेच्या काठी. इथे १९५०च्या दशकात म. न. देशपांडे यांनी उत्खनन केलं. समोरच टेकवाडे आहे, तिथे त्या काळातली दफनं मिळाली. याशिवाय तापीकाठच्या सावळदे गावावरून तर एका संपूर्ण प्राचीन संस्कृतीला 'सावळदा संस्कृती' असं नाव मिळालं आहे. ती साधारण चार हजार वर्षांपूर्वीची.

पाचवीला आपण शेतीची सुरुवात आणि स्थिर वस्ती शिकवतो, तेव्हा मुलांना ते कुठेतरी लांब घडलं असं वाटतं. ते चाळीसगावच्या बसने जाता येईल इतक्या जवळ घडलं, एवढं सांगितलं तरी त्यांच्या डोळ्यांत फरक दिसतो.

भिंत कशासाठी?

आता भिंतीकडे येऊ. वस्तीभोवतीची भिंत म्हणजे गावकूस. तिला जे दार ते वेस. भिंतीबाहेर शेतं, म्हणजे शिवार. आणि शिवार जिथे संपतं, शेजारच्या गावाची जमीन जिथे लागते, ती शीव. वेस आणि शीव या शब्दांत मुलांची गल्लत होते, म्हणून फळ्यावर तीन वर्तुळं काढून दाखवा.

प्रत्येक गावाला पूर्ण कूस नव्हतं. काही गावांना नुसतं काट्यांचं कुंपण असे. पण खान्देशात गढी मात्र पुष्कळ गावांत होती. खाली दगडी पाया, वर मातीच्या किंवा कच्च्या विटांच्या जाड भिंती, कोपऱ्याला बुरूज, आत पाटलाचा किंवा देशमुखाचा वाडा, धान्याची पेवं आणि शक्य तिथे विहीर. वेळ आली की माणसं जनावरांसकट आत जायची.

वेळ म्हणजे कसली? मुलं इथे नक्की विचारतात, "सर, मातीची भिंत तोफेपुढे टिकते का?" प्रश्न अगदी बरोबर आहे. गावाची भिंत तोफांसाठी नव्हतीच. अठराव्या शतकाच्या शेवटी आणि एकोणिसाव्याच्या सुरुवातीला पेंढाऱ्यांच्या टोळ्या घोड्यावरून यायच्या, हाती लागेल ते घेऊन निघून जायच्या. त्यांच्याजवळ तोफा नसत आणि थांबायला वेळही नसे. अशा स्वारासाठी दोन पुरुष उंचीची मातीची भिंत आणि बंद दार पुरेसं होतं. भिंत म्हणजे वेळ काढायचं साधन. लुटारूला वाटलं पाहिजे की इथे उशीर होईल, पुढच्या गावाला जाऊ.

खरी फौज आली की मात्र अशी भिंत कामाची नसे. १८०२ मध्ये होळकरांच्या फौजेने खान्देश उद्ध्वस्त केला. पेरण्या झाल्या नाहीत आणि मागोमाग १८०३-०४ चा भयंकर दुष्काळ आला. कितीतरी गावं ओस पडली. काही ठिकाणी आजही नुसतं टेकाड आणि मारुतीचं देऊळ दिसतं, वस्ती नाही. अशा ओसाड गावांच्या गोष्टी आपल्या म्हाताऱ्या माणसांकडे असतात, त्या विचारून घ्याव्यात.

म्हणजे पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाली. भीती स्वारांची आणि चोरांची. जपायचं काय? सोनं-नाणं गावात असून असून किती असणार? जपायची ती बैलजोडी, बी-बियाणं आणि पेवातली ज्वारी. बैल गेला तर पुढच्या वर्षीची पेरणी गेली, आणि बियाणं गेलं तर सगळंच गेलं. संध्याकाळी गुरं आत आली की वेस बंद व्हायची, ती याच कारणासाठी.

भिंतीच्या बाहेर कोण?

तिसरा प्रश्न अवघड आहे, म्हणून बरेचदा आपण तो टाळतो. पण 'गावकुसाबाहेर' हा शब्द आपल्या भाषेत आला तो इथूनच.

भिंतीच्या आत सगळे नव्हते. महारवाडा, मांगवाडा कुसाबाहेर असायचा. खान्देशात भिल्लांची वस्ती, जिला भिलाटी म्हणतात, तीही बहुधा गावाच्या कडेला. आणि यातली सगळ्यात विचार करायला लावणारी गोष्ट अशी, की गावाची राखण याच लोकांकडे होती. वेशीवर रात्रंदिवस पहारा देणारा वेसकर महार असायचा. खान्देशातल्या पुष्कळ गावांत रखवालीचं काम करणारे जागले भिल्ल होते. लुटारू आले की पहिला घाव ज्याच्यावर पडणार, त्याचंच घर भिंतीबाहेर! त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' या १९१५ सालच्या पुस्तकात बलुतेदारी आणि वतनांची ही सगळी रचना तपशिलाने आली आहे. शिक्षकांनी ते एकदा चाळावं.

आपल्या वर्गात आज दोन्हीकडची मुलं एकाच बाकावर बसतात. गावकुसाचा धडा घेताना एखाद्या मुलाला लाज वाटेल असं बोलायचं नाही, पण खरं लपवायचंही नाही. मी वर्गात एवढंच विचारतो, "ज्याने दार राखलं त्याला दाराच्या आत जागा का नव्हती?" उत्तर मी देत नाही. चौथीची मुलं "हे बरोबर नव्हतं सर" इथपर्यंत आपली आपण येतात. मग मी सांगतो की १९५८ साली कायदा झाला आणि कनिष्ठ गावकामगारांची ही वतनं बंद झाली. वेसकरकी हे कुणावर जन्माने पडणारं काम राहिलं नाही. भिंत पडायला पाऊस पुरला. ही दुसरी भिंत पाडायला मात्र माणसांना झगडावं लागलं, कायदा करावा लागला. आणि ती सगळीकडे पूर्ण पडली का, हे आपण मोठ्यांनी स्वतःला विचारायचं.

राज्य बदललं, गाव तेच

खान्देशावर किती जणांनी राज्य केलं ते बघा. फारुकी सुलतान, १६०१ पासून मोगल, नंतर मराठे आणि १८१८ पासून इंग्रज. थाळनेरचा किल्ला एकेकाळी फारुकींची राजधानी. तो फेब्रुवारी १८१८ मध्ये इंग्रज फौजेने घेतला. पण थाळनेर पडलं म्हणून तापीकाठच्या शेतकऱ्याने पेरायचं थांबवलं नाही. त्याच्यासाठी बदल एवढाच, की सारा आता कोणाला द्यायचा.

हळूहळू मात्र इंग्रजी अमलात भिंतीची गरज संपत गेली. पेंढारी संपले. १८२५ मध्ये भिल्ल एजन्सी सुरू झाल्या. जेम्स औट्रम याने भिल्ल पलटण उभारली, तिचं ठाणं धरणगावला होतं. डोंगरात हाकलले गेलेले भिल्ल काही पलटणीत गेले, काहींना जमीन कसायला दिली गेली. कैक बंडखोरांना कठोर शिक्षाही झाल्या, हेही सांगायला हवं. पुढे १८६०च्या दशकात रेल्वे आली. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आला आणि व्यापार वाढला. गाव भिंतीबाहेर पसरू लागलं. पडलेला बुरूज पुन्हा बांधायचं कुणाला कारण उरलं नाही.

सातपुड्यात कूस नाही, आणि दूर ब्रिटनमध्ये?

आता मुलांना वरच्या अंगाला घेऊन जा. शिरपूर, चोपडा, यावल तालुक्यांच्या उत्तरेला सातपुडा आहे. तिथल्या पावरा-भिल्ल पाड्यांत घरं एकाला एक चिकटून नसतात. ज्याचं त्याचं घर ज्याच्या त्याच्या शेतात, भोवती काट्याकुट्यांचं किंवा बांबूचं कुंपण, शेजारी गुरांची जागा. अख्ख्या गावाला मिळून एक भिंत नाही. डोंगर हीच त्यांची भिंत. सपाटीवर गाव एकत्र राहून स्वतःला जपतं, डोंगरात पसरून जपतं. एकच प्रश्न, दोन उत्तरं.

असंच उत्तर हजारो किलोमीटर लांब ब्रिटनच्या डोंगराळ भागातही सापडतं. इसवी सन ४३ मध्ये रोमन फौजा ब्रिटनमध्ये उतरल्या आणि साधारण ४१० पर्यंत तिथे रोमची सत्ता होती. दक्षिणेकडे रोमन पद्धतीचे वाडे, शहरं उभी राहिली. पण उत्तर इंग्लंड आणि वेल्सच्या डोंगराळ भागात स्थानिक शेतकरी आपल्याच पद्धतीने राहत राहिले. दगडांची किंवा मातीच्या बांधाची भिंत, काही ठिकाणी बाहेर चर, आत गवताने शाकारलेली एक-दोन किंवा थोडी जास्त गोल घरं आणि गुरांचं अंगण. पीक मुख्यतः सातूचं, सोबत गाई आणि मेंढ्या. अशा वस्त्यांच्या उत्खननात दगडी जाती सापडतात आणि रोमन वस्तू म्हणाल तर थोडीशी मडकी, क्वचित नाणं, मणी.

त्याच उत्तर भागात सम्राट हेड्रियनने १२२ च्या सुमारास एका समुद्रापासून दुसऱ्या समुद्रापर्यंत सुमारे ११७ किलोमीटर लांबीची भिंत बांधायला घेतली. जगभरातले लोक ती भिंत बघायला जातात. पण तिच्या आसपासच्या शेतकऱ्याची कमरेएवढी भिंत जास्त जुन्या परंपरेची होती. सम्राटाची भिंत साम्राज्याची हद्द दाखवत होती. शेतकऱ्याची भिंत गुरं रानात जाऊ नयेत, कोल्हा-लांडगा आत येऊ नये आणि 'हे अंगण आमचं' एवढंच सांगत होती. त्याच काळात इकडे सातवाहनांचं राज्य होतं आणि प्रकाशेच्या टेकाडावर त्या काळाचा थर साचत होता. जातं इथेही, जातं तिथेही. फळ्यावर दोन रकाने करून हे लिहिलं की पाचवी-सहावीच्या मुलांना 'एकाच वेळी जगात काय चाललं होतं' ही कल्पना नीट बसते.

वर्गात आणि घरी काय करता येईल?

१. गावफेरी : मुलांना घेऊन जुन्या गावठाणाला एक चक्कर मारा. वेस कुठे होती, मारुतीचं देऊळ कुठे, जुना रस्ता कुठे अरुंद होतो, कुठे चढ लागतो, हे मुलांना नोंदवू द्या. पडक्या बुरुजाच्या किंवा भिंतीच्या अगदी खाली उभं राहू नका. पावसाळ्यात तर अजिबात जाऊ नका.

२. नकाशा : कागदावर तीन रेघा : कूस, शिवार, शीव. त्यात प्रत्येक मुलाने आपलं घर दाखवायचं. आज कूस नसेल तर आजी-आजोबांना विचारून अंदाजाने काढायचं.

३. मातीची ओळख : एका बाटलीत शेतातली काळी, दुसरीत गावठाणाची पांढरी. दोन्हींत पाणी घालून हलवा आणि रात्रभर ठेवा. कुठली लवकर बसते, वर काय तरंगतं, मुलांनाच बघू द्या. विज्ञानाचा तासही यातच होतो.

४. शब्दसंग्रह : वेस, कूस, बुरूज, पेव, चावडी, पाणंद, शीव. प्रत्येक शब्दासाठी घरातल्या एका मोठ्या माणसाकडून एक वाक्य आणायचं, मराठीत किंवा अहिराणीत.

५. नियम : टेकाडावर खापराचा तुकडा दिसला तर बघा, फोटो काढा, जागेवर ठेवा. खणायचं नाही. मौल्यवान काही सापडलं तर शासनाला कळवणं बंधनकारक आहे, त्यासाठी १८७८ पासूनचा कायदा आहे. १९७४ मध्ये प्रवरेकाठी दायमाबादला एका माणसाला झाडाचं मूळ खणताना कांस्याचा रथ, हत्ती, गेंडा आणि म्हैस मिळाले. ते नीट जपले गेले म्हणून आज सगळ्या देशाला माहीत आहेत. ही गोष्ट मुलांना फार आवडते.

पालकांना एक विनंती

आपल्याकडे धाब्याची घरं असायची. धाब्यावर दरवर्षी टाकायला खारी माती लागायची आणि ती बरेचदा जुन्या गढीतूनच यायची. पांढरीची माती शेतात खत म्हणूनही नेतात. त्यात आपल्या आजोबांचं काही चुकलं नाही, ती गावाचीच माती होती आणि टोपलीने जात होती. आता ती ट्रॅक्टर-ट्रॉलीने जाते. जेसीबी लागला की दोन दिवसांत जेवढं जातं, तेवढं साचायला पाचशे वर्षं लागलेली असतात. आणि त्याच्यासोबत प्रकाशे-बहाळसारखं काही खाली असेल तर तेही कायमचं जातं, कारण थर एकदा विस्कटले की कुणालाच वाचता येत नाहीत. शिवाय गढीचा पाया पोखरला की वरची घरं पावसाळ्यात धोक्यात येतात.

म्हणून ग्रामसभेत हा विषय काढा. गढी दुरुस्त करायला पैसा लागतो, पण तिची माती उचलू न द्यायला ठराव पुरतो. आणि त्याआधी एका रविवारी आपल्या मुलाला हाताला धरून जुनी वेस जिथे होती तिथे घेऊन जा. आत कोण राहायचं, बाहेर कोण राहायचं, दार कोण राखायचं, हे त्याला तुमच्या तोंडून ऐकू दे. पुस्तकात आपल्या गावाचं नाव बहुधा नसतं. ते सांगायचं काम आपलंच आहे.

गावफेरी केलीत तर मुलांनी काढलेले नकाशे जपून ठेवा. पुढच्या वर्षीच्या वर्गाला तेच पहिलं पुस्तक होईल.